पार्डी घर, ओकलंड : पाहायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीसमोरच्या ओकलंडला माझ्याकडे पाहुणे आले की आधी गोल्डन गेट पूल होतो, मग द्राक्षांचे मळे होतात, आणि उरलेल्या एखाद्या दुपारी मी त्यांना अकराव्या रस्त्यावरच्या पार्डी घराकडे घेऊन जातो. ‘इटालियनेट’ म्हणतात त्या शैलीचं, पांढरं, दुमजली, झाडांत अर्धं लपलेलं लाकडी घर. आई-बाबांच्या वयाचे पाहुणे तिथे सगळ्यात जास्त रमतात, कारण त्यांचं लहानपण लाकडी माळ्यांच्या घरांत गेलेलं असतं. त्यांनी आणि इथल्या मराठी मित्रमंडळींनी मला विचारलेले प्रश्न खाली एकत्र केले आहेत. उत्तरं लहानमोठी झाली आहेत, कारण काही प्रश्नांत मी स्वतःच गुंतत गेलो.

हे घर कोणाचं आणि कधीचं?

१८६८-६९ मध्ये ते डॉ. इनॉक पार्डी यांनी बांधून घेतलं. १८४९ मध्ये सोनं सापडल्याच्या बातमीने जी झुंबड कॅलिफोर्नियात लोटली, तिच्यात तेही होते. मात्र पुढे त्यांचं नाव झालं ते डोळ्यांचे डॉक्टर म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोत व्यवसाय जमल्यावर ते खाडीच्या अलीकडे ओकलंडला आले आणि १८७६ ते १८७८ या काळात इथले महापौर होते. त्यांचा मुलगा जॉर्ज हाही डोळ्या-कानांचा डॉक्टर. त्याने जर्मनीत लाइपझिगला वैद्यकीचं शिक्षण घेतलं, १८९३ ते १८९५ या काळात तोही ओकलंडचा महापौर झाला आणि १९०३ ते १९०७ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर. जॉर्ज आणि त्याची बायको हेलन यांना चार मुली झाल्या. त्यांपैकी शेवटच्या दोघी १९८० च्या सुमारापर्यंत याच घरात होत्या.

म्हणजे एकशेदहा वर्षांहून जास्त काळ एकाच कुटुंबाकडे घर राहिलं. मध्ये ते विकलं गेलं नाही, त्याचे भाडेकरूंसाठी तुकडे पडले नाहीत, खोल्यांमध्ये भिंती घालून वाटण्या झाल्या नाहीत. पुण्या-नाशकाकडच्या वाड्यांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही गोष्ट किती दुर्मीळ आहे ते सांगायला नको.

‘इटालियनेट’ म्हणजे इटलीत असतात तशी घरं का?

नाही, आणि इटलीहून आलेला माणूस या घरापुढे उभा राहिला तर त्याला ओळखीचं फारसं काही सापडणार नाही. मूळ कल्पना इटलीच्या ग्रामीण भागातल्या हवेल्यांची, पसरट छपरांची आणि चौकोनी मनोऱ्यांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या वास्तुकारांनी उचलली. जॉन नॅश यांचं श्रॉपशरमधलं क्रॉंकहिल हे १८०२ च्या सुमाराचं घर या शैलीतलं सुरुवातीचं मानतात. तिथून नकाशांच्या छापील पुस्तकांतून ती अमेरिकेत पोचली आणि साधारण १८५० ते १८८० या काळात गावोगाव पसरली. सुताराकडे पुस्तक असायचं, घरमालक पानावर बोट ठेवून ‘असं हवं’ म्हणायचा.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. छपराला उतार अगदी कमी. वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेली आणि तिला खालून आधार देणारे नक्षीदार ब्रॅकेट, बऱ्याचदा जोडीजोडीने. खिडक्या उंच आणि अरुंद, पुष्कळदा वरून कमानदार, त्यांच्यावर भुवईसारखी उठावदार चौकट. दारापुढे खांबांची छोटी ओसरी. आणि ऐपत असेल तर घराच्या डोक्यावर खिडक्यांची चौकोनी खोली. विश्रामबाग वाड्याच्या सज्जाखालची लाकडात कोरलेली केळफुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांची नजर इथे आपोआप ब्रॅकेटांवर जाते. दोन्हीकडे सुताराला सगळ्यांना दिसेल अशी जागा मिळाली आणि त्याने तिथेच आपली हौस पुरवून घेतली.

पण हे तर दगडी घरासारखं दिसतं. लाकूड दगडासारखं का दाखवायचं?

कारण ज्या घरांची ही नक्कल होती ती दगडाची आणि गिलाव्याची होती, आणि कॅलिफोर्नियात स्वस्त होतं ते लाकूड. मग सुतारांनी दगडाचं सगळं व्याकरण लाकडात उतरवलं. या शैलीच्या घरांत कोपऱ्यांवर दगडी ठोकळ्यांसारखे लाकडी ठोकळे असतात, फळ्यांना खाचा पाडून चिऱ्यांच्या ओळींचा भास केलेला असतो. काही ठिकाणी ओल्या रंगावर वाळू उडवून दगडाचा खरखरीतपणाही आणत.

याला खोटेपणा म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. आपल्याकडे कार्ल्याच्या लेण्यात दगड कोरून लाकडी इमारतीचं रूप दिलं आहे, वर छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्याही बसवल्या आहेत. कारागीर एका माध्यमात शिकलेलं दुसऱ्या माध्यमात बोलतो. कार्ल्यात दगड लाकडासारखा बोलला, इथे लाकूड दगडासारखं.

शिवाय काळही तसा होता. वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांत करवती, खराद आणि नक्षीच्या पट्ट्या काढणारी यंत्रं आली होती. जे ब्रॅकेट हाताने कोरायला कित्येक दिवस गेले असते, ते डझनावारी कापून मिळू लागले. म्हणून इतकी सजावट डॉक्टर-व्यापाऱ्यांच्या घरांनाही परवडली.

लाकूड कोणतं? सागवानासारखं टिकतं का?

त्या काळच्या इथल्या घरांचं लाकूड म्हणजे रेडवुड. जगातली सर्वांत उंच झाडं ती हीच. सागवानाला सागवानाचं तेल वाचवतं, रेडवुडला त्याच्या गाभ्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य वाचवतं. लालसर गाभ्याचं लाकूड सहसा कुजत नाही, वाळवी त्याच्या वाटेला कमी जाते. ते वाळताना फार आक्रसत नाही, त्यामुळे फळ्या वाकड्या होत नाहीत. राळ जवळजवळ नसल्याने रंग नीट बसतो. पण ते सागवानाइतकं कठीण मात्र नाही. नखाने दाबलं तर खूण उमटते. जिन्याच्या पायऱ्या आणि कठडे म्हणून पुष्कळ घरांत दुसऱ्या कठीण लाकडाचे करत.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ओकलंडमागच्या टेकड्यांवर पूर्वी इतकी उंच रेडवुडची झाडं होती की खाडीत शिरणारी जहाजं पाण्याखालचा ब्लॉसम रॉक चुकवायला त्यांच्या शेंड्यांची खूण धरत. सोन्याच्या लाटेनंतर शहरं वसवायला त्या जंगलावर कुऱ्हाड पडली आणि १८६० पर्यंत ते जवळपास संपलं. टेकडीच्या एका अवघड कड्यावर जुन्यांपैकी एक झाड तेवढं राहिलं आहे. जंगल संपल्यावर लाकूड उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून जहाजांनी येऊ लागलं. जुन्या घरातल्या फळीवर हात ठेवला की तिच्या रेषा अगदी दाट लागतात, कारण ते झाड शेकडो वर्षं सावकाश वाढलेलं होतं. आज बाजारात मिळणारं रेडवुड तसं नसतं. म्हणून जुनी फळी काढून टाकून नवी बसवणं ही सुधारणा नव्हे. कुजलेला भाग तेवढा कापून तिथे जोड देणं शहाणपणाचं.

आतून हे घर कसं उभं आहे? वाड्यासारखे खांब आणि तुळया दिसत नाहीत.

वाड्यात मोजमाप खणाचं. दोन जाड खांबांमधलं अंतर म्हणजे खण, त्यावर तुळई, तिच्यावर कड्या, आणि खांबाखाली तळखडा. सगळा भार मोजक्या, ठसठशीत सागवानी खांबांवर, आणि सांधे खाचा-कुसवांचे.

त्या काळातल्या अमेरिकी घरांची रीत वेगळी होती. १८३० च्या दशकात शिकागोच्या बाजूला ती रूढ झाली. जाड खांबांऐवजी दोन इंच बाय चार इंचांच्या पातळ उभ्या काठ्या, जवळजवळ लावलेल्या, पायापासून छपरापर्यंत सलग, आणि सगळं खिळ्यांनी ठोकलेलं. बाहेरून आडव्या फळ्या, आतून पातळ पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. भार एका खांबावर न येता पन्नास काठ्यांत वाटला जातो. दोन माणसं आणि खिळ्यांचं पिंप असेल तर घर उभं राहतं, असा त्याचा मोठा फायदा. तोटाही आहे. काठ्यांमधली पोकळी खालपासून वरपर्यंत मोकळी असल्याने आग लागली तर ती धुराड्यासारखं काम करते. शनिवारवाड्याची १८२८ ची आग ठाऊक असलेल्या आपल्या लोकांना लाकडी घर म्हटलं की आधी तीच भीती वाटते, आणि ती रास्त आहे.

माथ्यावरची ती काचेची खोली कशासाठी?

तिला कुपोला म्हणतात. शोभेसाठी तर होतीच. पण उन्हाळ्यात तिच्या खिडक्या आणि खालची दारं उघडली की गरम हवा जिन्याच्या पोकळीतून वर निघून जाते. आपल्या चौकाच्या वाड्यात हेच काम चौक करतो. आणि वरून उजेड जिन्यात उतरतो. घर बांधलं तेव्हा आजूबाजूला उंच काही नव्हतं, त्यामुळे खाडीपर्यंत नजर जात असणार.

भूकंपात ते पडलं कसं नाही?

हा प्रश्न लातूर-उस्मानाबादकडचे पाहुणे हमखास विचारतात, आणि त्यांच्या तोंडून तो ऐकताना मला नेहमी गप्प व्हायला होतं.

आधी तारखा पाहा. २१ ऑक्टोबर १८६८ ला हेवर्ड फॉल्टवर मोठा भूकंप झाला. ती भेग ओकलंडच्या टेकड्यांच्या पायथ्याने जाते. पार्डी घराचं काम सुरू झालं ते त्याच वर्षी. १९०६ येईपर्यंत इथले लोक ‘मोठा भूकंप’ म्हणायचे तो १८६८ चाच. मग १८ एप्रिल १९०६ ची पहाट, जिने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त केलं. मग १७ ऑक्टोबर १९८९, जेव्हा याच ओकलंडच्या पश्चिम भागात दुमजली महामार्गाचा वरचा मजला खालच्यावर बसला आणि ४२ माणसं गेली. काँक्रीटचा महामार्ग कोसळला, आणि तिथून थोड्याच अंतरावरची शंभर वर्षांहून जुनी लाकडी घरं उभी राहिली.

कारण भूकंपाचा जोर वजनावर लागतो. जितकं वजन जास्त, तितका धक्का मोठा. लाकडी सांगाडा हलका असतो, आणि हजारो खिळे थोडे थोडे वाकून, घासून तो धक्का जिरवतात. गिलाव्याला भेगा जातात, पण छप्पर डोक्यावर येत नाही. दगडासारखं दिसायचा एवढा खटाटोप केलेल्या घराला शेवटी वाचवलं ते त्याच्या लाकूडपणानेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत उलटं झालं. तिथल्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या, आणि वर माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असे, आणि जिथे तो सुस्थितीत होता तिथे पुष्कळदा उभाही राहिला. भिंती ढासळल्या आणि माणसं त्यांखाली गेली. ते लाकूड जुनाट म्हणून आपण हिणवत होतो. माझ्या मते जुन्या घराच्या दुरुस्तीत लाकडी सांगाड्याकडे सगळ्यात आधी पाहावं, गिलाव्याकडे नंतर.

इथल्या घरांनाही कच्चे दुवे आहेत. विटांची धुराडी आधी पडतात. विटांचा जुना पाया आणि त्यावरचा लाकडी सांगाडा एकमेकांना बांधलेले नसतील तर घर पायावरून सरकतं. म्हणून आता सांगाडा पायाला बोल्टने जखडतात आणि पायावरच्या बुटक्या भिंतींना आतून प्लायवूड मारतात. खर्च लाकडी नक्षीच्या मानाने कमी, आणि उपयोग सर्वांत जास्त.

गव्हर्नर पार्डींनी असं केलं तरी काय?

दोन गोष्टी. दुसरी आधी सांगतो. १९०६ च्या भूकंपानंतर ते राजधानी सॅक्रामेंटो सोडून ओकलंडला येऊन बसले आणि कित्येक आठवडे राज्याचा कारभार इथून चालवला. खाडीपलीकडून लाखावर माणसं बोटींनी ओकलंडला आली होती.

पहिली गोष्ट प्लेगची, आणि ती थेट आपल्याशी जोडलेली आहे. १८९४ मध्ये हाँगकाँग, १८९६ मध्ये मुंबई, १८९७ मध्ये पुणे, आणि मार्च १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन. एकच साथ, बंदरामागून बंदर करत आलेली. तेव्हाचे गव्हर्नर हेन्री गेज यांनी व्यापार बुडेल या भीतीने प्लेग नाहीच असा धोशा लावला आणि तो आहे असं सांगणाऱ्या सरकारी डॉक्टरवरच चिखलफेक केली. दुसरीकडे चायनाटाउनला वेढा, घरांची झडती, फक्त आशियाई लोकांवर प्रवासबंदी. मे १९०० मध्ये न्यायालयाने ती बंदी भेदभावाची ठरवून उठवली. सोजिरांनी दारं फोडून घेतलेल्या झडत्या ज्या पुण्याने पाहिल्या, आणि ज्या पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, तिथल्या माणसाला हे चित्र परकं वाटू नये.

त्या चायनाटाउनमध्ये जी लस टोचायला काढली होती ती हाफकिनांची. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या लहानशा प्रयोगशाळेत वॉल्डेमार हाफकिन यांनी ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. सक्तीच्या धास्तीने चायनाटाउनच्या लोकांनी लस नाकारली, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही.

१९०३ मध्ये डॉ. जॉर्ज पार्डी गव्हर्नर झाले आणि सूर बदलला. प्लेग आहे हे मान्य झालं, राज्याने केंद्राच्या डॉक्टरांशी सहकार्य केलं, उंदीर मारले, ओल धरलेली तळघरं साफ झाली. १९०४ मध्ये ती पहिली लाट संपली. एका डॉक्टरने डॉक्टरांचं ऐकलं, एवढीच ती गोष्ट. पण त्याआधीची तीन वर्षं वाचली की ती किती मोठी होती ते समजतं. रेल्वे कंपनीच्या गटाला न जुमानल्यामुळे १९०६ मध्ये त्यांना पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. पुढे ते ओकलंड भागाच्या पाणीपुरवठा मंडळाचे प्रमुख झाले. मोकेलुमनी नदीवरचं १९२९ मध्ये पुरं झालेलं पार्डी धरण त्यांच्या नावाचं. माझ्या घरच्या नळाला येणारं पाणी तिथलंच आहे.

आत इतक्या वस्तू का आहेत?

हेलन पार्डी यांना जमवण्याचा छंद होता. अलास्कातलं हस्तिदंती कोरीवकाम, चिनी देवघरातल्या मेणबत्त्यांच्या दिवट्या, चहाच्या किटल्या, गालिचे, चित्रं. हौसेने त्या पाहुण्यांना घर फिरवून संग्रह दाखवत. हजारो वस्तू आहेत आणि मुलींनी त्या हलवल्या नाहीत. घर बघायला येणाऱ्याला हा पसारा कधी कधी अंगावर येतो. माझी एक मावशी मात्र किटल्यांपुढून हलेना.

शेजारी महामार्ग असूनही घर वाचलं कसं?

थोडक्यात वाचलं. घराच्या पश्चिमेला ९८० क्रमांकाचा महामार्ग जमीन खोदून नेला आहे. १९६० च्या दशकात त्याचं काम सुरू झालं, मध्ये विरोधामुळे थांबलं आणि १९८५ मध्ये तो पुरा झाला. त्यासाठी पश्चिम ओकलंडमधली शेकडो घरं पाडली, त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबांची पुष्कळ होती. काही जुनी लाकडी घरं मात्र मोठ्या गाड्यांवर चढवून हलवली आणि पार्डी घराजवळच एका आवारात मांडली. त्या जागेला प्रिझर्वेशन पार्क म्हणतात. एकूण सोळा घरं तिथे आहेत. लाकडी घर असं उचलून नेता येतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पार्डी घर मात्र जागेवरच राहिलं, तेव्हा आत कुटुंबातली माणसं राहतच होती. १९७६ मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली.

अशीच आणखी घरं पाहायची असतील तर?

ओकलंडमध्येच लेक मेरिटच्या काठावर कॅमरॉन-स्टॅनफर्ड घर आहे, १८७६ चं. तलावाभोवती अशा हवेल्यांची ओळ होती, तिच्यातलं हे एकच उरलं. १९१० पासून साठेक वर्षं ते शहराचं वस्तुसंग्रहालय होतं. सॅक्रामेंटोला गेलात तर जुना गव्हर्नर निवास पाहा. १८७७ मध्ये लोखंडी सामानाच्या एका व्यापाऱ्याने तो बांधला, आणि त्यात राहायला गेलेले पहिले गव्हर्नर हेच जॉर्ज पार्डी. एका लाकडी घरातून ते दुसऱ्या लाकडी घरात गेले.

देखभालीत सर्वांत अवघड काय?

पाणी. पन्हळ तुंबली की पाणी वळचणीत शिरतं आणि ब्रॅकेट आतून कुजतात, बाहेरून रंग जसाच्या तसा. कोकणात पागोळ्यांची वाट मोकळी ठेवायला पावसाआधी जी धावपळ असते, तीच इथे ऑक्टोबरात करावी लागते. दुसरं म्हणजे जुना रंग. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासायचा नाही, पाण्याचा हात फिरवून काढायचा, आणि लहान मुलं घरात असतील तर ते काम जाणत्याकडेच द्यायचं.

जायचं कसं, आणि गेल्यावर काय पाहू?

बार्ट या इथल्या लोकल रेल्वेने बाराव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरा, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. आत जायचं तर वेळ आधी ठरवून घ्या, दार सदा उघडं नसतं. दोन तास हाताशी ठेवा.

आत जाण्यापूर्वी आवाराला एक फेरी मारा. मागे बग्गीखाना आणि पाण्याच्या टाकीचा मनोरा आहे. नळ येण्याआधी पाणी वर चढवून ठेवत ते तिथे, आणि पुढे ज्यांनी शहराला धरणाचं पाणी आणलं त्यांचं बालपण त्याच टाकीखाली गेलं. मग कॅस्ट्रो रस्त्याच्या कडेला उभे राहा. एका हाताला खंदकात वाहणारा महामार्ग, दुसऱ्या हाताला तो मनोरा. संध्याकाळी चारच्या पुढे ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं आणि वळचणीखालच्या प्रत्येक ब्रॅकेटची सावली भिंतीवर वेगवेगळी पडते.